हवा ठीक

तुझी कबर खोदायला तुझाच कंप्रेसर आणावा लागला, नसीर.

तिसगावच्या कब्रस्तानात अडीच फुटांवर काळा कातळ लागला. माणसांनी पहार मारून बघितली, ती टणकन उलटी आली. मग तुझ्या पुतण्यानं बोअरच्या गाडीवरचा कंप्रेसर आणि ब्रेकर आणला. आयुष्यभर तू त्यानं दुसऱ्यांच्या विहिरी खोल केल्यास. धडधडाट सुरू झाला तसे लोक मागे सरकले. मी मात्र खड्ड्याच्या काठाशी जाऊन वाकलो. दगड फुटला की आधी आत बघायचं, ही माझी जुनी खोड. आपल्याकडचा नेहमीचाच दगड होता, बारीक छिद्रांचा, छिद्रांत पांढरे खडे भरलेला. साधा, निरुपद्रवी. हा शब्द मनात आला आणि माझी मलाच लाज वाटली.

"सर, सरका की. धूळ जातीय नाकात," तुझा पुतण्या ओरडला.

मी सरकलो. धुळीतून बाजूला व्हायला मला नेहमीच जमलं आहे.

मूठमाती देऊन बाहेर आलो तर आपल्या गावची माणसं माझेच हात हातात घेऊन मला धीर देत होती. "नसीरभाई सारखं सांगायचे, दत्त्यानं मला नोकरीला लावलं, म्हनून आज मी हाय." एकानं सांगितलं, दुसऱ्यानं मान हलवली. तू हे किती जणांना सांगून ठेवलं होतंस रे? दर ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन माझ्या दारात यायचास तेव्हाही हेच सांगायचास. माझ्या बायकोसमोर, शेजाऱ्यांसमोर. मी म्हणायचो, "पुरे की आता." तुला तो माझा विनय वाटायचा.

आपण दोघं तिसगावचे. माझे वडील तिथल्या शाळेत मास्तर, तुझे वडील बाजारात सायकली दुरुस्त करायचे. मी नगरला कॉलेजात दगड शिकलो, तू फिटरचं काम शिकलास. मला खनिजं शोधणाऱ्या सरकारी खात्यात नोकरी लागली आणि दीड दिवसाच्या रेल्वेप्रवासावर, साल वृक्षांच्या जंगलातल्या एका डोंगरात पाठवलं गेलं. युरेनियमची छोटी खाण होती ती. खाण म्हणणंसुद्धा जास्तच झालं. डोंगरात घातलेले तीन आडवे बोगदे, बाहेर पत्र्याच्या दहा-बारा खोल्या, एक जनरेटर. माल किती आहे ते आत शिरून बघायचं, पुरेसा असला तर मोठी खाण करायची, नसला तर गाशा गुंडाळायचा. पहिल्याच वर्षी तिथला फिटर पळून गेला आणि मी तुला पत्र टाकलं. पंधरा दिवसांत तू ट्रंक घेऊन हजर. पुढच्या वर्षी लग्न करून भाभींनाही घेऊन आलास.

पहिल्यांदा तुला आत नेलं तो दिवस मला स्पष्ट आठवतो. आपल्या नगरकडचा दगड समजायला सोपा. लाव्हा आला, पसरला, निवला, त्याच्यावर पुन्हा दुसरा आला. तो डोंगर तसा नव्हता. त्याच्या वयापुढे आपला कातळ म्हणजे कालचं पोर. तो तापला होता, दबला होता, पिळवटला होता आणि पिळवटताना त्याला भेगा पडल्या होत्या. त्या भेगांतून कधीतरी खालचं गरम पाणी वर चढलं आणि जाताना युरेनियम मागे ठेवून गेलं. कुठे बोटभर, कुठे सुतळीएवढी शीर, डांबरासारखी काळी. जिथे ओल लागली होती तिथे तिच्या कडेला पिवळी पूड.

तू बॅटरीचा उजेड त्या पुडीवर धरलास. "हे हळदीवानी काय हाय?"

"तेच. ज्याच्यासाठी आलोय ते."

"आन् तुझा त्यो डबा कशापायी कुरकुरतोय?"

मी मीटर तुझ्या हातात दिला आणि जरा ऐटीतच समजावलं. हा दगड आतून मोडत असतो, कणाकणानं. मोडता मोडता त्यातून एक वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. उघड्यावर असला तर उडून जातो, बोगद्यात असला तर साठतो आणि श्वासाबरोबर छातीत जाऊन बाधतो.

"मंग?"

"मग काय, पंखा आहे ना. पंखा बाहेरची हवा आत ढकलतो. तो चालू आहे तोवर काळजी नाही."

"आन् बंद पडला तर?"

"पडू द्यायचा नाही. त्यासाठीच तुला आणलंय."

तू हसलास. पंख्याच्या कापडी नळ्यातून हवा शेवटच्या टोकापर्यंत पोचते की नाही ते तू रोज हात लावून बघायचास. लोकांसमोर मला 'साहेब' म्हणायचास आणि खोलीवर आलो की 'दत्त्या'.

आता ते सांगतो जे तुला कधी सांगितलं नाही.

तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात वरून बातमी आली की खाण बंद करणार, शिरा फारच बारीक आहेत. माणसं एकेक करून निघून जायला लागली. दगडात भोकं पाडणारा गडी गेला तेव्हा ते यंत्र तूच हातात घेतलंस आणि जोडीला तिथल्याच गावातला सुखराम. आणि नेमकी तेव्हाच तिसऱ्या बोगद्याच्या टोकाला ती काळी शीर रुंदावली. दोन बोटं, चार बोटं, मग तळहाताएवढी. मला झोप येईना. ती अशीच रुंदावत गेली तर खाण वाचणार होती, आणि ती वाचवणारा मी असणार होतो. तेव्हा माझं वय सत्तावीस होतं.

त्याच आठवड्यात पंख्याची मोटर जळाली.

तू ती उतरवलीस, पोत्यात बांधलीस आणि ट्रकवाल्याकडे देऊन शहरात पाठवलीस. मग माझ्या खोलीवर आलास. "मोटर येईस्तोवर काम बंद ठिऊ, दत्त्या."

मी म्हणालो, "अरे, यंत्र दाबाच्या हवेवरच चालतं ना? ती हवा आतच सुटते. तेवढी पुरते."

हे निम्मं खरं होतं. निम्मं खरं असलं की माणूस बेधडक बोलतो.

तू हातावरचं ग्रीस पुसलंस. मग म्हणालास, "तू म्हनतोस तर पुरत आसंल."

तिसऱ्या दिवशी तुम्ही दोघं जेवायला बाहेर आलात तेव्हा मी एकटा आत गेलो आणि आतली हवा मोजली. काटा धोक्याच्या मर्यादेच्या बराच पुढे जाऊन थांबला. तो आकडा मी चिठोऱ्यावर पेन्सिलीनं लिहिला आणि खिशात घातला. बाहेर येऊन झाडाखाली बसलो. तू भाकरी मोडत होतास. मला हाक मारून कांदा पुढे केलास. मी तो घेतला आणि खाल्ला.

त्यानंतर मी परत मोजलं नाही.

छावणीचे प्रमुख रजेवर होते, म्हणून रजिस्टर माझ्याकडे होतं. त्यात हवेचा एक रकाना होता. मी रोज त्यात लिहीत होतो, 'हवा ठीक', आणि खाली सही. एकोणीस दिवस. सकाळी मी आत येत होतो, शीर बघत होतो, तुकडा फोडून पिशवीत टाकत होतो आणि बाहेर पडत होतो. धुळीनं घसा धरतो म्हणून सांगत होतो. तू आणि सुखराम दिवसभर आत. विसाव्या दिवशी मोटर आली. आणि चार दिवसांत ती शीर पुन्हा आवळली, आधी दोन बोटांवर, मग सुतळीवर, मग दगडावर नुसता एक काळसर डाग. डोंगरात तेवढीच एक पाचर होती. महिन्याभरात बोगद्यांच्या तोंडांवर भिंती बांधल्या आणि आपण सगळे पांगलो.

तू परत येऊन बोअरची गाडी घेतलीस. पाथर्डीपासून घोडेगावपर्यंत लोक तुला ओळखायला लागले. नगरला घर बांधलंस. मी नोकरीभर देश फिरलो आणि निवृत्त होऊन नगरला आलो. तू रोज संध्याकाळी यायचास. आपण कितीतरी गोष्टींवर भांडलो. तू नारळावर पाणी बघणाऱ्याला घेऊन जायचास म्हणून मी चिडायचो, आणि तुझा बोअर माझ्या नकाशापेक्षा जास्त वेळा लागायचा म्हणून तू खिजवायचास. त्या खाणीचा विषय मात्र मी टाळायचो. तू मजेमजेच्या आठवणी काढायचास, अस्वल छावणीत शिरल्याची, भाभींनी पहिल्यांदा सालाच्या पानावर जेवण वाढल्याची. मी हसून विषय बदलायचो.

दोन वर्षांपूर्वी तूच हट्ट धरलास. "येकदा जाऊन यिऊ. सुखराम भेटंल." तेव्हा तुला खोकला सुरू झालेला होता. मी नाही म्हणायला हवं होतं. पण आणखी किती नाही म्हणायचं?

ऐन मे महिन्यात आपण तिथे पोचलो. पत्र्याच्या खोल्या गेल्या होत्या. बोगद्यातून काढलेल्या दगडाचा ढीग तेवढा उरला होता, त्याच्यावर झुडपं वाढलेली, शेळ्या चरत होत्या. ढिगाची एक बाजू बरीच खाल्लेली दिसली. गावात शिरताना कळलं, कुठे गेली ते. दोन घरांच्या जोत्यांत तोच दगड होता. मी ओळखला. तूही ओळखलास.

तिसऱ्या बोगद्याच्या भिंतीला खालच्या बाजूला डोकं जाईल एवढं भगदाड पडलं होतं. त्याच्यासमोर खाटेवर एक म्हातारी दोन नातवंडांना घेऊन बसली होती. बाहेर अंगाची लाही होत होती आणि त्या भगदाडातून गार हवेचा झोत येत होता. उन्हाळ्यात ही जागा फार छान, ती कौतुकानं सांगत होती. सगळं गाव दुपारी इथे येतं. तू सुखरामबद्दल विचारलंस. ती त्याचीच बायको निघाली.

"गेला," ती म्हणाली. "कधीच गेला. खोकून खोकून."

तू भगदाडापाशी गेलास, गुडघ्यावर बसलास आणि त्या झोतात तोंड धरलंस. "दत्त्या, आजून स्वास घेतंय हे."

"नसीर, तिथून उठ."

"का रं?"

"उठ म्हणतो ना."

तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस. तसं तू माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतंस. "आत हुतो तवा न्हाई म्हनला कधी, उठ म्हनून."

मी म्हणालो, "धूळ आहे."

तू उठलास. "सांग तिला," एवढंच म्हणालास. मी म्हातारीला माझ्या हिंदीत सांगितलं की ही हवा चांगली नाही, मुलांना इथे आणू नका. ती हसली. गार हवा वाईट कशी असेल? मग तू शर्टाच्या बाह्या वर केल्यास आणि ढिगाच्या उलट्या बाजूचे, साधे म्हणून मी दाखवलेले दगड उचलून आणायला लागलास. मीही आणू लागलो. ओढ्यातली माती कालवून तू ते भगदाड बुजवलंस. मध्ये दोनदा खोकल्याची ढास लागली, तेव्हा भिंतीला हात टेकून थांबलास. म्हातारी आधी रागावली, मग आरडाओरडा करायला लागली, शेवटी खाट उचलून निघून गेली. आपण गेल्यावर त्यांनी ते पुन्हा उघडलं नसेल कशावरून? परतीच्या गाडीत तू खिडकीला डोकं टेकून होतास. दीड दिवस. तू विचारशील म्हणून मी वाट बघत होतो, आणि तू मी सांगेन म्हणून वाट बघत होतास, असं आता वाटतं.

पुढचं तुला माहीत आहे. नगरच्या दवाखान्यात तुझ्या छातीचे फोटो निघाले, फुप्फुसात गाठ दिसली. डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करायचे हे?" उत्तर मी दिलं, तुझ्याआधी. "बोअरवेलचं. दगडाची धूळ. आणि बिडी." डॉक्टरांनी बिडीवर बोट ठेवलं आणि मी त्या बिडीच्या मागे लपलो. कदाचित बिडीच असेल. कदाचित दोन्ही असेल. आता ते कोणीच सांगू शकत नाही, आणि या न सांगता येण्यानं मला किती बळ दिलं म्हणून सांगू.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तुला जरा हुशारी वाटत होती. तुझी लेक यास्मिन शाळेत शिकवायला गेली होती, भाभी आत होत्या. मी पेपर वाचून दाखवत होतो. तू मध्येच म्हणालास, "त्या रजिस्टरात तू काय लिव्हायचास रं?"

मी पेपर खाली ठेवला. "हवा ठीक."

"आन् हुती का?"

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. तू थांबला होतास, डोळे माझ्यावर. तुला धाप लागलेली होती तरी तू थांबला होतास. मी ओठ उघडले आणि मिटले. मग तूच नजर काढून घेतलीस.

"बरं, ऱ्हाऊ दे," तू म्हणालास. "चा घेनार का?"

चहा मी घेतला, नसीर. पूर्ण कप.

चार दिवसांनी तू गेलास.

तू गेल्यावर अकराव्या दिवशी मी तुझ्या घरी गेलो. भाभी इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, म्हणून त्या आतल्या दाराच्या पडद्याआड बसल्या. यास्मिन माझ्यासमोर. मी काही प्रस्तावना केली नाही. मोटर, एकोणीस दिवस, खिशातला आकडा, रजिस्टर, तुझा शेवटचा प्रश्न, सगळं क्रमानं सांगितलं. मान वर करून बघितलं तेव्हा यास्मिनचा चेहरा थेट तुझ्यासारखा झाला होता, त्या भगदाडापाशी झाला होता तसा.

"काका," ती म्हणाली, "हे सांगायला तुम्ही अब्बा जायची वाट बघितली."

"हो."

"त्यांनी विचारलं होतं. तोंडावर विचारलं होतं."

"हो."

ती उठून खिडकीशी गेली. मला वाटलं, आता जा म्हणेल. मी चपला कुठे आहेत ते बघत होतो. तेवढ्यात पडद्याआडून भाभींचा आवाज आला, अगदी हळू.

"दत्ताभाऊ, त्यांची खाणीतली कापडं मीच धुवायची."

मी चपलांवरची नजर उचलून पडद्याकडे वळलो.

"तिथं नळ नव्हता. वढ्यावर न्यायची. आधी दगडावर झाडायची, लई धूळ निघायची. मग पाण्यात टाकली की पिवळं पाणी सुटायचं. मी म्हनायची, ही कसली माती हाय तुमच्या खाणीत, हळद खेळून आल्यावानी." त्या थांबल्या. "त्या उन्हाळ्यात यास्मिन पोटात होती माझ्या. त्यात काय असतं का, भाऊ?"

खिडकीशी उभी असलेली तुझी लेक वळली.

नसीर, माझ्या जिभेवर 'काही नसतं, भाभी' तयार होतं. अगदी पुढे आलं होतं. पस्तीस-छत्तीस वर्षांची सवय आहे ती. आणि बहुतेक तेच खरंही असेल. कपड्यांवरच्या धुळीनं एवढं होत नाही, असं मी पुस्तकातून दाखवू शकलो असतो. पण त्या ओढ्यावरची धूळ मी कधी मोजली होती?

"माहीत नाही, भाभी," मी म्हणालो. "मी मोजलं नव्हतं. आपण तपासून घेऊ. तुमचं आणि यास्मिनचंही. उद्याच."

मग बांगडी नसलेल्या हातानं पडदा जरासा सरळ केलेला दिसला.

मौलवींना विचारलं. इलाजासाठी इद्दतीत घराबाहेर पडता येतं, ते म्हणाले. म्हणून आज आम्ही इथे आहोत, दवाखान्यात. हे मी बाहेरच्या खुर्चीवर बसून लिहितो आहे. भाभी भिंतीकडे तोंड करून बसल्या आहेत. यास्मिन दोन खुर्च्या सोडून. सकाळपासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. रिक्षातून उतरताना मी हात पुढे केला तो तिनं धरला नाही. कागदावर 'पूर्वी कुठे राहत होता' असा एक रकाना आहे. तिनं पेन माझ्याकडे न बघता माझ्यापुढे धरलं आणि मी त्या डोंगराचं नाव लिहिलं. पूर्ण, जिल्ह्यासकट. खाली कशाची खाण तेही लिहिलं. पलीकडचा माणूस वाकून वाचत होता, त्याला वाचू दिलं.

सुखरामच्या गावालाही जायचं आहे. त्या जोत्यांचं, त्या भगदाडाचं, त्या नातवंडांचं कोणाला सांगायचं, कुठे अर्ज करायचा, ते शोधायचं आहे. कोणी ऐकेल की नाही माहीत नाही. तू असतास तर पहिल्यांदा माती कालवली असतीस.

आत्ता दार उघडलं. आतल्या बाईंनी भाभींचं नाव पुकारलं आणि पाठोपाठ यास्मिनचं. त्या दोघी उठल्या. मीही उठलो. यास्मिन दारापाशी थांबली, वळून बघितलं, आणि मला 'तुम्ही इथेच बसा' म्हणाली नाही.